सोसायटीच्या भिंतीवर वारली चित्रे

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या प्रवेशद्वाराजवळ वारली चित्रे असावीत, असे ठरले आहे. डिझायनरने तयार नमुने व्हिनाइलवर छापून चिकटवण्याचे सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कल्पना ठाण्याला शोभणारी आहे, कारण २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके ठाणे जिल्ह्यातच होते आणि येऊरच्या पाड्यांवर वारली कुटुंबे आजही राहतात. तयार नमुन्यांत मात्र नाचणारी माणसे बहुधा वाटेल तशी विखुरलेली असतात. मूळ चित्रात तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारा मध्याशी असतो आणि हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वळत जाते. भिंतीला गती येते ती या वळणामुळे. लग्नचौक, म्हणजे लग्नविधीतले चौकोनी चित्र, सजावटीसाठी कृपया काढू नये. त्यात पालघट ही सुफलतेची देवी असते आणि लग्नप्रसंगी सवाशिणी तो तांदळाच्या पिठाने रेखतात.

छपाईऐवजी वारली चित्रकारालाच बोलवावे, मोबदला आधी ठरवावा आणि कोपऱ्यात त्याची सही असावी. विषय खाडीचा, रोहित पक्ष्यांचाही चालेल. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला लग्नविधीबाहेर कागदावर, कापडावर नेली, तेव्हा नव्या विषयांचे वावडे नाही. उघड्या भिंतीवर पिठाचा रंग पावसात टिकणार नाही, म्हणून गेरूच्या छटेवर पांढरा अ‍ॅक्रिलिक वापरावा आणि काम दिवाळीनंतर, भिंत पूर्ण वाळल्यावर काढावे.