‘संत तुकाराम’ घरी लावला आणि अर्ध्यात सोडला. हा चित्रपट इतका मोठा का मानतात?

तुम्ही विचारलंय की घरी टीव्हीवर जुने संतपट आणि ऐतिहासिक चित्रपट पाहायला सुरुवात केली, प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ पाऊण तासात बंद केला, कारण तो संथ आणि नाटकी वाटला, चमत्कार पटले नाहीत. मग लोक त्याचं एवढं कौतुक का करतात, आणि यानंतर काय पाहावं?

माझं मत आधीच सांगते. पुन्हा लावा. या वेळी तुकोबांकडे थोडं कमी आणि आवलीकडे जास्त लक्ष द्या.

कीर्तनातून आपल्या कानावर आलेली आवली म्हणजे कजाग बायको. नवरा संत आणि ही त्याच्या मागे कटकट लावणारी. 1936 साली दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी जी आवली उभी केली (भूमिका गौरी यांची), ती अशी नाही. घरात दाणा नाही, पोरं भुकेली आहेत, आणि नवऱ्याला विठ्ठलाशिवाय काही सुचत नाही. तिची चिडचिड त्यातून येते आणि ती पूर्णपणे रास्त आहे. पोर आजारी पडतं तेव्हा ती त्याला फरफटत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन पांडुरंगाला जाब विचारते. हे दृश्य ज्या काळात, ज्या भाविक प्रेक्षकांसमोर दाखवलं गेलं त्याचा विचार करा! आणि चित्रपट याबद्दल तिला कसलीही शिक्षा देत नाही. उलट हीच आवली डोंगरावर जाऊन तुकोबांना जेवू घालते, तेव्हा त्या दोघांमध्ये जो जिव्हाळा दिसतो तसा संसार मराठी पडद्यावर मी फार कमी वेळा पाहिला आहे.

शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तो प्रसंगही असाच. दागिने, कपडे पाहून आवली आणि मुलं हरखून जातात. तुकोबा येतात आणि सगळं परत पाठवायचं ठरतं. भक्तीच्या गोष्टीत तुकोबांचं बरोबर असणार हे ठरलेलंच आहे. पण त्या मुलांचे चेहरे पाहताना मन आवलीच्या बाजूला झुकतं, निदान माझं तरी दर वेळी झुकतं. या चित्रपटाचं मोठेपण मला इथे दिसतं. संताची महती गाताना त्यानं संताच्या घरची भूक लपवली नाही. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती घर सोडून जात नाही.

आता संथपणा आणि नाटकीपणा. सुरुवात पुन्हा नीट ऐका. तुकोबा ‘पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी’ म्हणतात ते साध्या भजनी चालीत. तेच पद तुकोबांवर जळणारा सालोमालो देवळात गातो, स्वतःचं म्हणून, ताना मारत आणि हातवारे करत. पुढच्या सगळ्या संघर्षाची मांडणी संगीतकार केशवराव भोळे यांनी या दोन गळ्यांमध्येच करून ठेवली आहे. तुम्हाला जे नाटकी वाटलं ते बहुधा सालोमालोचं काम असावं. ही भूमिका करणाऱ्या भागवतांनी तो तसा रंगवला आहे, कारण तो माणूसच ढोंगी आहे. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस मात्र जवळजवळ काहीच करत नाहीत. ते पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. तुकोबांच्या बोलण्याचालण्यातलं मार्दव त्यातून आलं असावं असं मला नेहमी वाटतं. एक गंमत माहीत असू द्या: ‘आधी बीज एकले’ हे पद तुकोबांचं नाही. ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलं आणि ते इतकं जमलं की भले भले ते गाथेत शोधत बसले.

चमत्कारांबद्दल तुमच्याशी मी अर्धीच सहमत आहे. गाथा इंद्रायणीतून वर येते, पुष्पक विमान येतं, शत्रूपासून वाचवण्यासाठी एकाचे अनेक शिवाजी दिसतात. हे सगळं महिपतींच्या संतचरित्रांच्या परंपरेतलं आहे, त्यामुळे इतिहासाच्या कसोटीवर ते घासून उपयोग नाही. अनेक शिवाजींचा प्रसंग मलाही कच्चा वाटतो, विमान तर सरळसरळ नाटकातलं. पण गाथा बुडवतात तो भाग फार भारी आहे. दामले मुळात ध्वनीचं काम पाहणारे आणि फत्तेलाल कलादिग्दर्शक, दोघेही बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरच्या चित्रपट कंपनीत तयार झालेले. म्हणून यातलं देहू सजवलेलं वाटत नाही. घरं, अंगण, गोठा, म्हैस, सगळं वापरातलं दिसतं. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तिथल्या लोकांना तुकोबा कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना हा संसारच भिडला असणार.

घरी पाहताना आणखी एक गोष्ट जरूर करा. हे चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित झाले आहेत. टीव्हीवर चित्र ताणून पडदा भरण्याचं सेटिंग असेल तर माणसं बुटकी आणि फुगीर दिसतात, आणि ‘झूम’ केलं तर डोकी कापली जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. आवाजात खरखर असेल, तेव्हा बास कमी ठेवा म्हणजे शब्द कळतील. मोबाइलवर तर पाहूच नका. ऑनलाइन प्रती बऱ्याच वेळा पुसट असतात हे खरं आहे आणि त्याचं वाईट वाटतं. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. 2003 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली, त्यात प्रभातची मूळ रिळंही गेली. जे हाताशी उरलं आहे ते निदान नीट चौकटीत तरी पाहावं.

पुढे काय पाहावं म्हणाल तर लगेच ‘कुंकू’ (1937) लावा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, मूळ कादंबरी नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’. नीराचं लग्न फसवून एका वयस्क विधुराशी लावलं जातं आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाही, वाईट नजरेच्या सावत्र मुलाला छडीनं झोडपून काढते. पण मला हा चित्रपट जास्त आवडतो तो तिच्या नवऱ्यामुळे, काकासाहेबांमुळे. केशवराव दाते यांनी तो म्हातारा असा उभा केला आहे की त्याचा राग येतो आणि थोड्या वेळानं त्याची दयाही येते. भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवा. कान देऊन ऐकलंत तर कळेल की वेगळं पार्श्वसंगीत यात नाहीच, दृश्यात जे वाजतं तेवढंच आपल्याला ऐकू येतं. काकासाहेबांची समाजकार्य करणारी मुलगी झाली आहे शकुंतला परांजपे. त्या प्रत्यक्ष आयुष्यातही संततिनियमनाचं काम करत होत्या. या मुलीचे आणि नीराचे प्रसंग दोनदा पाहण्यासारखे आहेत. शेवट सांगत नाही. मला तो पूर्ण पटत नाही, पण त्यावर घरात वाद होईल, आणि तो झालेला चांगला.

खास ऐतिहासिक हवा असेल तर ‘रामशास्त्री’ (1944). 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री ताठ आहे, आवाज न चढवता बोलणारा. ब्रिटिश अंमल चालू असताना, बेचाळीसची धरपकड ताजी असताना, एक न्यायाधीश राज्यकर्त्याला तोंडावर गुन्हेगार म्हणतो, हे प्रेक्षकांना कसं ऐकू आलं असेल? माझी तक्रार एकच. आवलीला आणि काकासाहेबांना जी समजूत मिळाली ती इथे राघोबादादांच्या बायकोला, आनंदीबाईला, मिळत नाही. ललिता पवार यांच्यासारखी अभिनेत्री हाताशी असून तिला सरळ खलनायिका करून टाकलं आहे. ऐतिहासिक चित्रपटांना ही खोड तेव्हापासून आहे आणि आजच्या कोट्यवधींच्या चित्रपटांतही ती गेलेली नाही.

गड, घोडे, तलवारी आवडत असतील तर भालजी पेंढारकरांचा ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964) आहे, संगीत आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. गाणी आणि भालजींची धारदार भाषा यांसाठी तो पाहावा. माणसांची गुंतागुंत त्यात शोधू नका.

‘माणूस’ (1939) मात्र सोडू नका. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या असलेली मैना यांची ही गोष्ट. शांता हुबळीकरांचं ‘कशाला उद्याची बात’ तुम्ही ऐकलं असेलच. चित्रपटातल्या जागी ते ऐकलं की त्यातला आनंद किती उसना आहे ते कळतं.

आणि ‘शेजारी’ (1941) घरातल्या मोठ्यांबरोबर पाहा. जिवबा आणि मिर्झा हे जन्माचे मित्र, धरणाच्या कामानं गावात आलेला माणूस त्यांच्यात फूट पाडतो. जिवबा केशवराव दाते, मिर्झा जागीरदार. याच्या हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, हिंदू म्हाताऱ्याचं काम मजहर खान यांनी आणि मुसलमान म्हाताऱ्याचं जागीरदारांनी केलं. फाळणीची मागणी उघडपणे पुढे आल्यानंतर वर्षभरात आलेला हा चित्रपट आहे. फूट पाडणारा बाहेरचा आहे हे चित्रपट उघड सांगतो, पण मला वाटतं त्या दोघांच्या अहंकारानंच त्याचं काम सोपं केलं. आमच्या घरी हे कोणाला मान्य नाही. तुम्ही पाहिलात की तुम्हाला काय वाटलं ते खाली लिहा.