उभ्या तालमीआधी संवाद पाठ करावेत का?

आपण विचारले आहे की, राज्य नाट्य स्पर्धेसाठी प्रथमच मोठी भूमिका करताना घरी बसून संवाद घडाघडा म्हणता येतात, पण तालमीत उभे राहून हालचाली सुरू झाल्या की तेच संवाद डोक्यातून निघून जातात. मग हालचाली बसवण्याआधी पाठांतर आणखी पक्के करावे का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. परभणी-नांदेड भागातील हौशी संघांसोबत मी बरीच वर्षे नाटके बसवीत आलो आहे, आणि ज्या नटाने पहिल्या उभ्या तालमीपूर्वीच सगळे संवाद घोकून ठेवलेले असतात, त्याचाच हात धरून चालवावे लागते, असा माझा अनुभव आहे.

याचे कारण घोकण्याच्या पद्धतीतच आहे. एका जागी बसून पाठ करताना आपले प्रत्येक वाक्य आपल्याच मागच्या वाक्याला बांधले जाते आणि त्याच्यासोबत एक ठराविक सूरही चिकटतो. रंगमंचावर मात्र आपल्या दोन वाक्यांच्या मध्ये समोरचा नट बोलतो, थांबतो, पाठ फिरवतो, आणि आपले पुढचे वाक्य त्याच्या त्या वागण्यातून निघायचे असते. त्यामुळे घरी जुळवलेली साखळी तेथे तुटते. आपले पाठांतर कच्चे नाही. ते ज्या परिस्थितीत झाले ती परिस्थिती तालमीत नसते, एवढेच.

या विषयावर रीतसर संशोधनही झालेले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेल्गा नॉइस आणि त्यांचे पती, नट-दिग्दर्शक टोनी नॉइस, यांनी व्यावसायिक नट संवाद कसे लक्षात ठेवतात याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, बहुतेक अनुभवी नट सुरुवातीला शब्द घोकतच नाहीत. हे पात्र हे वाक्य का बोलते आहे, समोरच्याकडून त्याला काय हवे आहे, याचा शोध घेत ते संहिता पुन्हा पुन्हा वाचतात आणि शब्द बरेचसे त्या ओघात बसतात. दुसरे निरीक्षण आपल्या प्रश्नाला थेट लागू पडणारे आहे: हालचालीसह बोललेले संवाद जागेवर उभे राहून बोललेल्या संवादांपेक्षा अधिक चांगले लक्षात राहतात, आणि प्रयोग संपून काही महिने लोटल्यावर, आठवताना ती हालचाल केली नाही तरीही, हा फरक दिसतो. नटांपुरतेच हे मर्यादित नाही. 1980च्या सुमारास जर्मनी आणि स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञांनी सामान्य लोकांवर प्रयोग केले, तेव्हा ‘काडी मोड’ यासारखी साधी वाक्ये नुसती ऐकणाऱ्यांपेक्षा ती कृती प्रत्यक्ष करणाऱ्यांना जास्त आठवली. पैठणच्या नाथांची भारुडे सोंग घेऊन, अंगाने वठवून सादर करणाऱ्या परंपरेच्या प्रदेशात राहणाऱ्यांना याचे फारसे नवल वाटू नये. अक्षरओळख नसलेल्या कलावंतांनीही लांबलचक रचना अशाच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या.

मात्र येथे एक गैरसमज हमखास होतो, आणि तो कदाचित आपलाही होईल. हालचालीने पाठांतर होते असे ऐकून पुष्कळ जण संहिता घेऊन गच्चीवर येरझारा घालू लागतात. त्याने झोप येत नाही, यापलीकडे फारसा लाभ होत नाही. हालचाल त्या वाक्याच्या हेतूतून निघालेली असेल, तरच ती वाक्याला धरून ठेवते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आमच्या एका नाटकात विधवा वहिनी आणि शेत विकायला निघालेला दीर यांचा प्रवेश होता. वहिनीचे एक वाक्य होते, “आधी सातबारा दाखवा, भाऊजी,” आणि दिराच्या दोन शब्दांनंतर लगेच पुढचे, “ह्यांनी विहीर खांदली तवा तुम्ही कुठं होता?” कागदावरून एकदम विहिरीवर जाणारी ही उडी त्या भूमिकेतील बाईंना काही केल्या साधत नव्हती. त्या दरवेळी तेथेच अडायच्या आणि विंगेतून शब्द द्यावा लागायचा. मग आम्ही त्यांच्या हातात एक वाकळ दिली. सातबारा मागताना त्या घडी घालायच्या थांबतात. दीर खिशातला कागद काढून वाकळेवरच ठेवतो. त्या तो कागद दोन बोटांनी उचलून बाजूला सारतात, आणि त्याखाली नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचे ठिगळ येते. बोट त्या ठिगळावर थबकते आणि विहीर आठवते. एवढ्या बदलानंतर ते वाक्य पुन्हा कधी अडले नाही. स्पर्धेच्या केंद्राकडे जाताना जीपमध्ये नुसते संवाद म्हणून घेतले, तर त्या जागी बाईंचा हात आपोआप मांडीवरचा पदर सारखा करू लागे.

म्हणून आपण पहिल्या काही तालमी निःसंकोचपणे संहिता हातात ठेवूनच कराव्यात. दिग्दर्शकाने दिलेली जागा समासात लिहितोच आपण, पण तिच्याशेजारी पेन्सिलीने एक क्रियापदही लिहावे: टाळते, डिवचते, मनधरणी करते, हिशेब मागते. ‘डावीकडे जाते’ ही नोंद दिग्दर्शकाच्या कामाची आहे. ‘त्याच्यापासून कागद लांब नेते’ ही नोंद आपल्या कामाची आहे. दिलेल्या हालचालीमागचे कारण कळत नसेल, तर तसे विचारावे. चांगला दिग्दर्शक रागावत नाही, आणि रागावलाच तरी बहुधा कारण सांगून जातो.

कोणते वाक्य कोठे अडते याची खूण संहितेत करीत गेल्यास एक गोष्ट लक्षात येईल. अडखळण्याच्या जागा फार थोड्या असतात आणि त्या सहसा त्याच त्या असतात. एकतर तेथे विचार उडी घेतो आणि शरीर मात्र स्थिर असते, किंवा समोरच्याचे वाक्य नाटकात दोनदा येते. हा दुसरा प्रकार अधिक घातक. “मग काय करायचं म्हणता?” असा क्यू पहिल्या अंकात दोन ठिकाणी असेल, तर नट बिनदिक्कत पुढच्या जागेवर उडी मारतो आणि मधली पाने गळतात. अशा वेळी दोन्ही ठिकाणी आपली जागा आणि हातातील काम वेगळे ठेवून घ्यावे, एकदा चुलीपाशी बसून आणि एकदा दारात उभे राहून. मग शब्द सारखे असले तरी शरीर गोंधळत नाही.

आपल्याकडच्या परिस्थितीतून येणारी एक अडचणही ध्यानात ठेवावी लागते. आपल्या तालमी शाळेच्या वर्गात बाके सरकवून किंवा रिकाम्या मंगल कार्यालयात होतात, आणि खरा रंगमंच बहुधा स्पर्धेच्या दिवशीच पायाखाली येतो. वर्गात ‘चार पावलांत’ बसवलेले वाक्य मोठ्या रंगमंचावर संदुकीपर्यंत पोहोचण्याआधीच संपते, आणि उरलेली दोन पावले नट मुका चालतो. त्या शांततेत पुढचे वाक्य हरवते. त्यामुळे केंद्रावरच्या रंगमंचाची मापे आधी मागवून जमेल तेथे खडूने आखून घ्यावीत, आणि वाक्य पावलांच्या संख्येला न बांधता वस्तूला किंवा माणसाला बांधावे. संदुकीला हात लागला की बोलायचे, असे ठरलेले असले म्हणजे रंगमंच केवढाही असो, फरक पडत नाही.

याला अपवाद लांब स्वगतांचा. पान-दीड पान एकट्याने बोलायचे असेल, किंवा भाषा पद्यमय अथवा जुन्या वळणाची असेल, तर शब्दांची तंतोतंत घोकणी टळत नाही आणि ती घरीच करावी लागते. तेथेही स्वगताचे विचारानुसार तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यासाठी निदान नजरेची दिशा बदलून पाठ करावे आणि सूर मात्र मुद्दाम सपाट ठेवावा, म्हणजे तालमीत तो घडवायला जागा राहते. रोजच्या साध्या संवादांसाठी घरी करायचे काम एवढेच: तालमीहून परतल्यावर, झोपण्यापूर्वी, त्या दिवशी बसलेला प्रवेश संहितेत न पाहता एकदा चालून काढावा, समोरच्याच्या जागी खुर्ची ठेवून, आणि अडलेल्या ठिकाणीच फक्त पान उघडावे.