लकव्यानंतर वडिलांची वाचा गेली. मेंदूला करंट देऊन स्पीच थेरपी केली तर फरक पडतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की अमळनेरला वडिलांना आठ महिन्यांपूर्वी लकवा झाला, हातपाय सावरले, समजतं सगळं, पण शब्द निघत नाही. आणि नाशिकला कुणीतरी करंटची पंधरा सिटिंग सुचवलीत. मी जळगावला स्पीच थेरपिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते, म्हणून लिहिते.

करंट म्हटलं की लोकांना शॉक आठवतो. तसलं काही नाही. ओल्या स्पंजचे दोन इलेक्ट्रोड डोक्याला बांधतात आणि 1 ते 2 मिलिअँपिअर प्रवाह वीसेक मिनिटं सोडतात. जरा चुणचुणतं, बस. एवढ्याशा करंटने मेंदू बोलायला लागत नाही, पेशी फक्त थोड्या तयारीत येतात. त्या वेळात पेशंटकडून जे बोलून घ्याल त्याला जोर मिळतो. नुसतं मशीन लावून बसवलं तर वाफसा आला आणि पेरलंच नाही, अशी गत.

2018 साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. लकव्याला सहा महिने उलटून गेलेले 74 पेशंट, तीन आठवडे, 15 सिटिंग. 45 मिनिटांच्या थेरपीत पहिली 20 मिनिटं 34 जणांना खरा करंट, 40 जणांना खोटा, म्हणजे इलेक्ट्रोड बांधलेले पण करंट जवळजवळ नाहीच. खरा करंटवाले चित्रं बघून आधीपेक्षा सरासरी 14 नावं जास्त सांगू लागले, खोटावाले 8. म्हणजे करंटने भर पडली, पण ती 8 नावं निव्वळ थेरपीची आहेत हे विसरू नका. शिवाय चित्र बघून नाव सांगणं वेगळं आणि घरात चहा मागणं वेगळं. रोजच्या बोलण्यात करंटने फरक पडतो असा भक्कम पुरावा अजून नाही. उलट आठवड्याला दहा तास नुसती थेरपी तीन आठवडे दिली तर जुन्या पेशंटचंही बोलणं सुधारतं, हे 2017 च्या जर्मन अभ्यासात दिसलंय.

आता माझीच एक चूक सांगते. पारोळ्याकडचे एक बाबा यायचे. मुलाच्या चित्राचं कार्ड दाखवलं की काहीतरी पुटपुटायचे, मी वहीत फुली मारायचे. चौथ्या दिवशी सून शेजारी बसली होती. म्हणाली, "मॅडम, ते आंडोर म्हणताहेत ना!" अहिराणीत मुलाला आंडोर. मी भुसावळकडची, अहिराणी कळते मला, पण कान कार्डावरच्या शब्दालाच लागलेला. माणूस बरोबर बोलत होता आणि मी चार दिवस फुल्या मारत होते.

म्हणून पैसे भरण्याआधी तिथे विचारा: करंट चालू असताना स्पीच थेरपिस्ट समोर बसणार का? किती वेळ? अहिराणी चालेल का? "मशीन आपोआप काम करतं" असं उत्तर आलं तर सरळ परतीची गाडी पकडा. वडिलांना कधी फिट आली असेल, डोक्यात ऑपरेशनची धातूची क्लिप किंवा छातीत पेसमेकर असेल तर ते आधी सांगा. तिथले लोक करंटऐवजी चुंबकाने मेंदूला चालना देणाऱ्या मशीनबद्दल बोलले तर हे जास्तच महत्त्वाचं. ऑनलाइन मिळणारं यंत्र घरी आणून लावू नका.

जायचं ठरलंच तर मोबाइलमध्ये घरातले फोटो काढून न्या. वखर, बैल, भरताची वांगी, नातवंडं. आणि प्रत्येकाला ते कोणत्या नावाने हाक मारायचे, ते आईला विचारून लिहून घ्या.