गॅसचे आटे उलटे असतात का?

प्रश्न : आमच्याकडे पाईपचा गॅस आहे. ओटा बदलायचा म्हणून यजमान शेगडीमागचा नट सोडवायला बसले. भाचा म्हणाला, "काका, गॅसचे आटे नेहमी उलटे असतात." मग काय, हे उजवीकडे जोर लावत राहिले. नट जागचा हलला नाही, पाईप मात्र भिंतीवरच्या क्लिपमधून उपटून आला. गॅस सुटला नाही, पण माझे हातपाय गार पडले. भाच्याचं खरं का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : ताई, भाच्याने ऐकलंय ते खरं आहे, फक्त ते तुमच्या ओट्याचं नाही.

उलटे आटे असतात ते ॲसिटिलीन, हायड्रोजन अशा पेट घेणाऱ्या गॅसच्या बाटल्यांच्या सामानाला. ऑक्सिजनचे सुलटे. एकाचा नट दुसऱ्यावर चढूच नये, एवढाच हेतू. ग्रिलवाल्याकडे जाऊन बघा : ॲसिटिलीनची लाल नळी जिथे रेग्युलेटरला जोडलेली असते, तिथल्या पितळी नटाच्या सहाही कोपऱ्यांवर बारीक खाच असते. ऑक्सिजनच्या निळ्या नळीच्या नटाला ती नसते. खाच दिसली की सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. मी शिकाऊ होतो तेव्हा असाच एक नट निघेना, म्हणून पान्ह्यात हातभर पाईप अडकवून लोंबकळलो. मी सोडवत नव्हतो, आवळत होतो. आटे गेले. उस्तादांनी तो नट माझ्या तळहातावर ठेवला आणि कोपऱ्यावरच्या खाचेवरून माझंच बोट फिरवलं. पुढे आयटीआयमध्ये शिकवताना मी पहिल्या दिवशी हेच करायचो.

घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरला तर रेग्युलेटर आट्यावर बसतच नाही, तो खटकन दाबून बसतो. आणि घरातल्या पाईपलाईनचे एल्बो (वळणाचा जोड), टी (तीन तोंडांचा जोड), निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड पाईप) पाण्याच्या लाईनसारखेच सुलट्या आट्याचे. खात्री करायची तर एखादं सुटं निपल उभं धरा. समोर दिसणाऱ्या रेघा डावीकडून उजवीकडे वर चढत असतील तर आटे सुलटे. निपल उलटं करून धरलंत तरी चढ तसाच राहतो.

मग माणूस फसतो कुठे? बघण्याच्या जागेत. शेगडीमागे हात घातला की नट आपल्याकडे पाठ करून असतो आणि 'डावीकडे' म्हणजे नेमकं कुठे, हेच कळेनासं होतं. नट ज्या बाजूने चढवला असेल, त्या बाजूने त्याच्याकडे बघायचं. तिथून घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. शेगडीच्या पाठीमागचा असेल तर आरसा धरा, पण आरशात दिशा उलटी दिसते, म्हणून फक्त नट कुठे आहे ते बघा. फिरवायची दिशा मनात धरा.

तुमचा पाईप उपटला तो मात्र वेगळ्या कारणाने. यजमानांनी एकच पान्हा लावला असणार. एका पान्ह्याने मागचा भाग घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर सगळा जोर पाईपवर जातो. दोन एल्बोंच्या मध्ये अडकलेला पाईप तर नुसता फिरवून निघतच नाही, कारण एका टोकाला सुटतो तेव्हा दुसऱ्या टोकाला आवळला जातो. म्हणून तर लाईनमध्ये युनियन, म्हणजे पाईप न फिरवता मधोमध सोडवता येणारा जोड, घालतात.

हे सगळं समजून घ्या, पण गॅसच्या लाईनला पुन्हा हात लावू नका. हिसका बसलेला सांधा आज गळत नाही म्हणून उद्या गळणार नाही असं नाही. व्हॉल्व्ह बंद करा, कंपनीचा माणूस बोलवा, आणि तो जायच्या आत प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून दाखवायला सांगा. त्याला राग आला तर येऊ द्या.

प्रश्न : नळ बसवताना टेफ्लॉन टेप गोळा होऊन बाहेर येते. टेप खराब का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टेप चांगली आहे, तुम्ही उलटी गुंडाळताय. नळाचं आट्याचं तोंड स्वतःकडे करा आणि टेप घड्याळाच्या दिशेने, ताणून गुंडाळा. पहिला आटा थोडा मोकळा सोडा, म्हणजे एल्बोत नळ सरळ धरेल.