पँडोराची पेटी कुठे उघडावी

तुमच्या कथेत आजीच्या ट्रंकेतून जुने फोटो निघतात आणि पुढे लिहिलंय, ‘जणू पँडोराची पेटीच उघडली’. तेवढं वाक्य काढा. फोटो बघून घर खूश झालंय. ग्रीक पुराणकथेत पँडोरा नावाची बाई झाकण उघडते आणि जगभर संकटं पसरतात; या पेटीतून आनंद निघत नाही. एकदा उघडल्यावर आवरता न येणारी संकटं जिथे मागे लागतात, तिथेच हा शब्दप्रयोग शोभतो. बांधावरून दावा लावला आणि भावाभावांची गाडलेली सगळी भांडणं वर आली, असं काही असेल तर बिनधास्त वापरा.

गंमत म्हणजे मुळात पेटी नव्हतीच. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात ‘पिथॉस’ आहे, म्हणजे धान्य, तेल, दारू साठवायचा मातीचा रांजण. १६व्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने लॅटिनमध्ये त्याची ‘पिक्सिस’, म्हणजे डबी केली आणि तीच रूढ झाली. तरी तुम्ही पेटीच लिहा; रांजण म्हणालात तर वाचक अडखळेल. संकटं बाहेर पडल्यावर झाकण पुन्हा पडलं तेव्हा आत ‘एल्पिस’ उरली. तिला सरसकट आशा म्हणतात, पण त्या शब्दात नुसती अपेक्षाही येते, बरी किंवा वाईट.

आणि हो, ‘पेंडोरा’ नको. पेंड गुरांना घालतात.