काटा मधेच होता, तरी इंजिन तापलं कसं?

प्रश्न: टेम्परेचरचा काटा कायम मधोमध असायचा, आणि घाटात अचानक लाल दिवा लागला, बॉनेटमधून वाफ. आधी काहीच कसं कळलं नाही?

उत्तर: अहो, तो काटा जरा गोडबोल्याच असतो. बऱ्याच गाड्यांत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) साधारण ८० ते १०५ डिग्रीच्या मधे कुठेही असलं तरी काटा मुद्दाम मधेच धरून ठेवतात, म्हणजे उगाच ड्रायव्हर घाबरायला नको, त्यामुळे तो हलला तेव्हा बराच उशीर झालेला असतो. खरा आकडा हवा असेल तर ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट) छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावा, मोबाईलवर डिग्री दिसते. आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा लक्षात ठेवायचा, सपाट रस्त्यावर तो ८-१० डिग्रीने वर राहायला लागला की पाहायचं, फॅन, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह), लिकेज. अजून एक गंमत, कूलंट गळून सेन्सर कोरडा पडला तर आकडा उलट कमी दिसू शकतो! म्हणून थंड इंजिनवर कूलंटच्या टाकीतली लेव्हल बघाच.

दिवा लागला की एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.