शेळी, गाय, कुत्रा आपल्या थेट डोळ्यांतच का बघतात? त्यांना काही सांगायचं असतं, की फक्त खायला हवं असतं?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या चार शब्दांसाठी उत्तर लिहायला बसले. "खायला हवं असतं" हे मी बारा वर्षांची असताना आमच्या अण्णांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यापायी एक करडू गेलं.

आमचं गाव माण तालुक्यात. पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे घर चालायचं ते शेळ्यांवर. १९९३ चा उन्हाळा. टिकली नावाची आमची काळी शेळी, कपाळावर पांढरा ठिपका, तिसऱ्या वेताला जुळी व्याली होती. एक बोकड, एक पाट, म्हणजे मादी करडू. करडं चार दिवसांची. रात्री त्यांना डालग्याखाली झाकून वर दगड ठेवायचा हे माझं काम, आणि दगड मी ठेवला होता. तरी रात्रीत कधीतरी डालगं कलंडलं.

अंगणात माझी वाकळ, पलीकडे अण्णांची बाज. जाग आली तेव्हा टिकली दावं पार ताणून उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. चांदणं होतं, सगळं दिसत होतं. ती एकदाच बारीक ओरडली, मग मान वळवून कडब्याच्या गंजीकडे बघितलं, परत माझ्याकडे, परत गंजीकडे. मी उठून बसले तसा तिने पुढचा पाय आपटला.

"अण्णा, टिकली काहीतरी सांगतीय."

अण्णा कुशीवर वळले. "भूक लागली आसंल. जनावर माणसाच्या तोंडाकडं बघतं ते वैरणीपायी. पाला टाक आन् झोप गप."

मी शेवरीचा पाला टाकला. तिने हुंगलासुद्धा नाही. दोन करडांना पाजणारी शेळी, पुढ्यात हिरवागार पाला, आणि तोंड खाली जात नाही! ज्याच्या दावणीला शेळी आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. मलाही कळला होता. तरी मी झोपले, कारण अण्णा झोप म्हणाले.

पाट सकाळी सापडली. गंज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत डोकं खाली, मागचे पाय वर, अशी अडकलेली. जीव होता, पण अंग गार पडलं होतं. आईने चुलीपाशी पोत्यात गुंडाळून ठेवली, टिकलीचं दूध काढून बोंडल्याने पाजायला बघितलं. दूध ओठांवरून खाली ओघळलं. दुपारच्या आत पाट गेली. टिकली त्यानंतरही दोन दिवस त्या फटीकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

आता शेळीच्या डोळ्याबद्दल. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, बाहुली आडव्या फटीसारखी. शेळीने चरायला मान खाली घातली तरी डोळा खोबणीत फिरतो आणि ती फट जमिनीला समांतरच राहते. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या संशोधकांनी २०१५ साली लिहिलंय की असा डोळा ५० अंश किंवा त्याहूनही जास्त फिरतो. तुमच्याकडे शेळी असेल तर चरताना शेजारी बसून बघा, डोळ्यांनी दिसतं. याचा उपयोग काय, तर चरता चरताही तिला दोन्ही बाजूंचं, जवळजवळ मागचंसुद्धा दिसत असतं. तुम्ही कुठे उभे आहात हे कळायला तिला मान वळवावी लागत नाही. मग ती चरणं सोडते, तोंड फिरवते आणि दोन्ही डोळे तुमच्या चेहऱ्यावर आणते, ते कशासाठी? वैरण आपल्या हातात असते. नुसती भूक असती तर नाक हाताकडे गेलं असतं.

हे मी अण्णांना वीस वर्षं सांगत होते. मग २०१६ चा एक प्रयोग वाचनात आला. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात शेळ्यांचा एक आश्रम आहे, तिथे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या लोकांनी शेळ्यांना झाकण काढून डब्यातला खाऊ खायला शिकवलं. शेवटच्या खेपेला झाकण घट्ट बसवून टाकलं. शेळ्यांनी काय केलं? समोर बसलेल्या माणसाकडे बघितलं, परत डब्याकडे बघितलं. माणूस तोंड करून बसला असेल तर लवकर आणि जास्त वेळ बघितलं, पाठ करून बसला असेल तर कमी. म्हणजे हा माणूस आपल्याकडे बघतोय की नाही, एवढं शेळीला कळतं. टिकलीने त्या रात्री अगदी हेच केलं होतं. ते वाचताना माझा हात थरथरत होता. त्याच आश्रमातला २०१८ चा आणखी एक प्रयोग आहे. हसऱ्या आणि रागावलेल्या माणसाचे फोटो शेजारी शेजारी लावले, तर शेळ्या आधी हसऱ्याकडे गेल्या.

तुम्ही विचारलंय की डोळ्यांतच का. कारण पुढचा प्राणी काय करणार हे सगळ्यात आधी डोळ्यांत दिसतं, आणि ज्याला जगायचंय त्याला ते ओळखावंच लागतं. माणसाचं पोर जन्मल्यावर दोन ते पाच दिवसांतच, नजर चुकवणाऱ्या चेहऱ्यापेक्षा सरळ बघणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतं. हे २००२ साली तपासून झालंय. बोत्स्वानात गुरांच्या ढुंगणावर नुसते डोळे रंगवले. चार वर्षांत डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी एकही सिंहाने किंवा बिबट्याने मारलं नाही, आणि त्याच कळपांतली न रंगवलेली ८३५ पैकी १५ गेली. आपल्याला कुणीतरी बघतंय म्हटल्यावर दबा धरणारा सिंहसुद्धा मागे सरतो. मेंढरांचं तर विचारू नका. इंग्लंडमध्ये २००१ साली दाखवून दिलंय की एक मेंढी दुसऱ्या ५० मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं विसरत नाही. आमच्याकडचे धनगर हे कुठलाही कागद न वाचता जाणतात.

कुत्र्याबद्दल एवढंच सांगते की माणसाने हाताने वाढवलेला लांडगासुद्धा काम अडलं तरी माणसाकडे वळून बघत नाही, एकटाच झगडत राहतो. कुत्रा पटकन बघतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ साली दोघांची तुलना करून हे पाहिलंय. माणसाबरोबर हजारो वर्षं राहिल्याचा हा गुण. पण शेळीला कुणी राखणीला किंवा शिकारीला पाळलं नाही, दूध आणि मटणासाठीच पाळलं, तरी ती बघते. म्हणून मला शेळीचं बघणं जास्त मोठं वाटतं.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक बघणं म्हणजे निरोप नसतो. संध्याकाळी दारात उभं राहून बघणारी शेळी खुराकासाठीच बघते, तिथे अण्णांचं खरं आहे. फरक ओळखायचा तो असा की नुसतं तुमच्याकडे बघत असेल तर वाट बघतीय. तुमच्याकडे आणि दुसऱ्या कशाकडे तरी आळीपाळीने बघत असेल तर उठा. रात्रीचे दोन वाजले असले तरी उठा, आणि घरातला मोठा माणूस झोप म्हणाला तरी उठा. आणि माकडाच्या, अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत मात्र रोखून बघू नका. तिथे रोखून बघणं म्हणजे अंगावर येणं असा अर्थ होतो.

आज माझ्या गोठ्यात २६ शेळ्या आहेत. अण्णा ऐंशीच्या पुढे आहेत, नजर अधू झालीय. गेल्या दिवाळीत त्यांच्या शेजारी बसून मी तो डब्याचा प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पर डब्यात खायाचंच हुतं की."

मी म्हटलं, "हो अण्णा, पण बघितलं कुणाकडं? माणसाकडं. आणि टिकलीच्या पुढ्यात तर पाला पडला होता."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मी उठायला लागले तेव्हा म्हणाले, "उगवतीच्या अंगाला. गंजीच्या उगवतीच्या अंगाला गावली हुती ती पाट."

ती पाट कुठे सापडली, हे इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे कधीच बोलले नव्हते.